माल चालू, माणसं बंद

२२ मार्च २०२०, करोनाच्या साथीतल्या जनता कर्फ्यूचा रविवार. त्या दिवशी रेल्वेने देशभरातल्या प्रवासी गाड्या बंद केल्या, लोकलसकट. १९७४च्या संपातही एवढी सामसूम झाली नव्हती. बंदी आधी ३१ मार्चपर्यंत होती, मग १४ एप्रिल, मग ३ मे. मालगाड्या मात्र एक दिवसही थांबल्या नाहीत. धान्य, कोळसा, खत पोहोचत राहिलं. २०१९-२० मध्ये रेल्वेने सुमारे ८०० कोटी प्रवासी नेले होते, पुढच्या वर्षी जेमतेम १२५ कोटी. त्याच वर्षी मालवाहतूक मात्र किंचित वाढून १२३ कोटी टनांवर गेली.

गाड्या बंद म्हणजे रूळ मोकळे, असं समजून माणसं रुळांवरून चालू लागली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे निघाले होते. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ थकून रुळांवरच झोपलेल्या १६ जणांना मालगाडीने चिरडलं. भाकऱ्या रुळांवर विखुरल्या होत्या.

त्याच्या आठवडाभर आधी, १ मे रोजी, तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून झारखंडच्या हटियाला अडकलेल्या मजुरांना गावी नेणारी पहिली श्रमिक स्पेशल सुटली होती. या गाडीचं तिकीट खिडकीवर मिळत नसे. मजुराने अर्ज करायचा, डॉक्टरचा दाखला जोडायचा, प्रशासनाने यादी करायची आणि ज्या राज्यात जायचं त्याने होकार द्यायचा. ही होकाराची अट १९ मे रोजी निघाली. डब्यातला हिशोबही वेगळा होता. स्लीपरच्या ७२ बर्थपैकी मधले १८ रिकामे ठेवून ५४ जण बसवायचे. मागणी इतकी वाढली की दहा दिवसांत हे अंतर सोडून डबे पूर्ण भरू लागले.

बहुतेक गाड्या उत्तर प्रदेश-बिहारकडे निघालेल्या. उतरलेल्यांची तपासणी संपेपर्यंत फलाट मोकळा होईना आणि मागच्या गाड्या वाटेत खोळंबत. वसई रोडहून गोरखपूरला निघालेली गाडी ओडिशातल्या राउरकेल्याला पोहोचली. मार्ग चुकला नाही, गर्दीमुळे वळवला, असा खुलासा रेल्वेने केला. ऐन उन्हाळ्यात आतल्या माणसांना त्याने काय फरक पडणार होता? ऑगस्टअखेर ४,६२१ गाड्यांनी ६३ लाखांवर लोकांना घरी नेलं. या गाड्यांत ९७ जण दगावल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं.

१२ मेपासून दिल्लीहून राजधानीच्या भाड्याच्या वातानुकूलित गाड्या सुरू झाल्या आणि १ जूनपासून आणखी दोनशे. नेहमीच्याच गाड्या, पण क्रमांकाआधी शून्य लावून 'स्पेशल' झालेल्या. पडदे आणि चादरी-ब्लँकेटं गेली. जनरल डब्यालाही आरक्षण आलं. ऐनवेळी स्टेशनवर येऊन, खिडकीवर तिकीट काढून मिळेल त्या डब्यात शिरणारा माणूस लांब पल्ल्याच्या गाडीतून बाहेर पडला. गावी कुणी आजारी पडलं, मुकादमाने अचानक काम संपवलं, अशा वेळी निघणारा हाच प्रवासी. त्याच्याकडे ना चार दिवस आधी ठरलेला बेत असतो, ना नेटवर तिकीट काढायची सवय.

रोगराईत गर्दी टाळायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण हे निर्बंध कोणत्या क्रमाने उठले ते पाहावं. क्रमांकाआधीचं शून्य नोव्हेंबर २०२१ मध्ये गेलं. वातानुकूलित डब्यातली चादर-ब्लँकेटं मार्च २०२२ मध्ये परतली. जनरल डब्याचं आरक्षण काढण्याचा आदेश त्याच सुमारास निघाला, पण आधीच विकलेल्या आरक्षित तिकिटांमुळे अंमल व्हायला आणखी काही महिने गेले. साध्या पॅसेंजरचं १० रुपयांचं किमान भाडं ३० झालं होतं, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ववत झालं. ज्येष्ठ पुरुषांना ४० आणि महिलांना ५० टक्के सवलत मिळे. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली, आणि हा लेख लिहीपर्यंत सुरू झालेली नाही. तिचा आता साथीशी काही संबंध उरलेला नाही, संबंध आहे तो तिजोरीशी.

साथीत गाडी थांबवणं हा आरोग्याचा निर्णय असतो. पण साथ ओसरल्यावर काय आधी सुरू करायचं आणि काय तसंच राहू द्यायचं, हा निर्णय पैशाचा असतो. पुढच्या साथीत बंदीचा आदेश काढताना ती उठवण्याची तारीखही त्याच कागदावर लिहिली गेली पाहिजे, आणि तिथे पहिली ओळ जनरल डब्याची हवी.