जस्त व कॅडमियम ओळखणारे सूक्ष्म छिद्र

जपानातील तोयामा भागात जिन्झू नदीच्या पाण्यावर भातशेती होत आली आहे. नदीच्या वरच्या अंगास कामिओका येथे जस्ताची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा धातू बहुधा असतोच. तो सांडपाण्यातून नदीत, नदीतून खाचरात व खाचरातून भाताच्या दाण्यात उतरला. तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची, विशेषतः प्रौढ स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडली व हाडे ठिसूळ झाली. रोग्यांच्या कण्हण्यावरून त्या रोगास ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे नाव पडले. त्याचे कारण कॅडमियम होय, हे जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. खाचरांची माती सुधारण्याचे काम २०१२ पर्यंत चालले.

याउलट जस्त हे पिकाचे अन्न आहे. भातावरील खैरा रोग हा जस्ताच्या उणिवेने होतो, हे पंतनगर येथे डॉ. वाय. एल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. एक धातू पोषक व दुसरा घातक. परंतु दोहोंचे आयन सारख्याच विद्युत्भाराचे, आणि पाण्यात विरघळल्यावर दोन्ही डोळ्यांस अदृश्य. मग त्यांना वेगळे ओळखावे कसे?

प्रयोगशाळेत त्यासाठी मोठी उपकरणे आहेतच. त्यांहून निराळी एक युक्ती मात्र समजून घेण्याजोगी आहे. पाटाच्या मोरीत ढेकूळ अडकले की पलीकडील सरीचे पाणी उणे होते आणि शेतकऱ्यास मोरी न पाहताच अडथळा कळतो. येथेही तसेच आहे. मिठाच्या पाण्याचे दोन कप्पे, मध्ये अतिशय पातळ पापुद्रा व त्यात एकच छिद्र. विजेचा दाब दिला की छिद्रातून क्षीण प्रवाह वाहू लागतो.

हे छिद्र स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूपासून मिळते. रक्तपेशींना भोके पाडणारे त्याचे अल्फा-हिमोलायसिन नावाचे प्रथिन सात सारख्या घटकांचे बनलेले असून त्याची वाट सर्वांत अरुंद जागी सुमारे १.४ नॅनोमीटर असते. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हॅगन बेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाटेत धातूस धरून ठेवणारे हिस्टिडीन बसविले. जस्ताचा आयन तेथे चिकटला की प्रवाह किंचित बदलतो आणि सुटला की पूर्ववत होतो. हा बदल किती झाला व किती वेळ टिकला, यावरून धातू ओळखता येतो. तो किती वेळा घडला, यावरून प्रमाण कळते. एकाच छिद्राने दोन वा अधिक धातूंचे प्रमाण एकाच वेळी मोजता येते, हे या गटाने २००० मध्ये दाखविले. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांत व काचेच्या नळीच्या टोकाशीही अशी छिद्रे करून त्यांच्या आतील बाजूस रासायनिक लेप देण्यात आले आहेत. पाऱ्यासाठी थायमिनचा उपयोग होतो, कारण दोन थायमिन पाऱ्याच्या आयनास मध्ये घट्ट पकडतात.

तथापि, हे साधन उद्या तालुक्यास येईल, असे कोणी समजू नये. पापुद्रा नाजूक असतो. विहिरीच्या पाण्यातील गाळ व इतर क्षार छिद्राच्या कामात व्यत्यय आणतात. शिवाय पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची भारतीय मानकातील मर्यादा लिटरला अवघी ०.००३ मिलिग्रॅम आहे. इतक्या अल्प प्रमाणाचा भरवसा शेताच्या बांधावर देणे सोपे नाही. मातीतील जस्तासाठी तर डीटीपीए या द्रावणाने ते आधी बाहेर काढावे लागते.

तोवर मृद्‌चाचणी प्रयोगशाळेचाच आधार घ्यावयाचा आहे, आणि तेथे चूक बहुधा नमुना घेतानाच होते. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी मातीचा नमुना जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत गोळा करू नये. बादलीचेच जस्त मातीस लागते आणि उणीव असलेली जमीन कागदावर समृद्ध दिसते. प्लास्टिकची बादली व स्वच्छ कापडी पिशवी वापरावी.