शनिवारीं थांबणारा घाणा

अलिबागजवळ नवगांव येथें समुद्रकांठीं बेने इस्रायल या यहुदी समाजाची जुनी दफनभूमि आहे. आपले पूर्वज गलबत फुटून याच किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरागत समजूत. कुलाबा प्रांतांतील खेड्यांत ते तेल गाळीत. मात्र धर्माज्ञेप्रमाणें शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून लोकांनीं त्यांस ‘शनवार तेली’ हें नांव दिलें, आणि त्या नांवानिशींच त्यांस गांवगाड्यांत सामावून घेतलें.

पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, अशीं त्यांचीं आडनांवें झालीं. १७९६ सालीं सॅम्युएल दिवेकर यांनीं मुंबईस या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. एलियाहू पैगंबराच्या नांवें ते जो मलिदा करितात, त्यांत गोड पोहे व खोबरें असतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तर आपल्या धर्मग्रंथांतील महापुरुषांचीं आख्यानें ते मराठी कीर्तनांत गाऊं लागले. १९३७ सालीं याच समाजांतील डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. इस्रायलचें राज्य १९४८ सालीं स्थापन झाल्यावर पुष्कळ कुटुंबें तिकडे गेलीं. परंतु तेथेंहि त्यांनीं ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक काढलें.

हें वाचून आपल्या उदारपणाचा अभिमान वाटणें साहजिक आहे. परंतु आमच्या मतें ही परीक्षा सोपी होती. समाज लहान, त्याच्याशीं ना जुनें वैर, ना सत्तेची स्पर्धा. ज्याच्याशीं इतिहासांतील हिशेब बाकी आहेत असें आपण मानतों, त्या शेजाऱ्याशीं वागतांना खरी कसोटी लागते. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें प्रत्येकास धर्माचरणाचें स्वातंत्र्य दिलें आहे. पण भाड्यानें जागा पाहावयास आलेल्या मुसलमान गृहस्थाचें नांव ऐकतांच, रिकामी खोली ‘कालच दिली’ असें जर आपल्याच घरांतून सांगितलें जाऊं लागलें, तर तेथें घटनेनें काय करावें?

शेजाऱ्याचा देव कोणता, हें पुरतें न कळतांहि कोंकणांतील खेडुतानें त्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा मान राखला. एका राष्ट्राचे होण्यास एका देवाचे व्हावें लागत नाहीं, ही गोष्ट त्यास ग्रंथ न वाचतां उमगली होती. आपण तर ग्रंथ वाचलेलीं माणसें! पुढच्या खेपेस तसा कोणी दाराशीं आला, तर त्यास आंत बोलवावें, चहा द्यावा, आणि खोली रिकामी असल्यास ‘आहे’ म्हणावें. राष्ट्रभक्तीचें एवढें काम घरबसल्या करतां येण्याजोगें आहे.