गीत एक, गाणारे अनेक

शाळेचे स्नेहसंमेलन असो वा स्वातंत्र्यदिनाचा समारंभ, ‘हम होंगे कामयाब’ हे गीत तुम्ही पुष्कळदा ऐकले असेल. मैदानावर रांगेत उभे राहून स्वतः गाइलेही असेल. हे गीत आपल्या इतक्या परिचयाचे आहे, की ते याच भूमीत जन्मले असावे असे वाटते. वस्तुतः त्याचे मूळ हजारो कोस दूर, अमेरिकेत आहे. तेथे त्याला ‘वुई शॅल ओव्हरकम’ म्हणतात. संकटावर मात करण्याचा निर्धार हा त्या नावाचा आशय होय.

हे गीत कोणा एका कवीने एका बैठकीत रचलेले नाही. जात्यावरच्या ओव्या जशा एकीच्या मुखातून दुसरीच्या मुखी जाताना बदलत गेल्या, तसेच याचेही झाले. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. परंतु दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांची अवहेलना थांबली नाही. त्यांच्यासाठी शाळा वेगळ्या, बसमधील आसने वेगळी आणि मतदान करू जावे तर वाटेत नाना अडथळे! अशा जीवनात त्यांना चर्चमधील भजनांचा मोठा आधार वाटे. तशाच जुन्या भजनांतून हे गीत उगवले. फिलाडेल्फिया येथील धर्मोपदेशक चार्ल्स टिंडली यांनी १९०१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या एका भजनाशीही अभ्यासक त्याचे नाते जोडतात. या भजनांत गाणारा केवळ स्वतःविषयी, ‘मी’ असे म्हणून बोलत असे.

१९४५ च्या ऑक्टोबर महिन्यात चार्ल्स्टन शहरातील एका सिगार कारखान्यातील कामगारांनी वेतनवाढीसाठी संप पुकारला. त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया बहुसंख्य होत्या. ऐन हिवाळ्यात त्या कारखान्याच्या दाराशी उभ्या राहत. ल्यूसिल सिमन्स ही त्यांच्यातील एक कामगार स्त्री ते जुने भजन संथ लयीत म्हणे आणि इतर जणी तिला साथ देत. तेथे ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ हा शब्द आला. एका शब्दाचाच हा पालट; परंतु एकट्याची प्रार्थना त्यामुळे साऱ्यांची प्रतिज्ञा झाली.

टेनेसी राज्यात हायलँडर नावाची एक लोकशाळा होती. तेथे दोन्ही वर्णांचे लोक एकत्र शिकत. तेथील शिक्षिका झिल्फिया हॉर्टन यांनी हे गीत संपकरी स्त्रियांकडून आत्मसात केले. त्यांच्याकडून ते पीट सीगर या गायकाने घेतले व त्यात नवी कडवी घातली. १९५९ साली एका रात्री पोलिसांनी या शाळेवर छापा घातला. दिवे मालवले गेले. काळोखात बसलेली मुले हे गीत गुणगुणू लागली. त्यांच्यातील एका किशोरवयीन मुलीने, आपल्याला भय वाटत नाही अशा अर्थाचे नवे कडवे म्हणण्यास आरंभ केला. एका पोलिसाने तिला, गायचेच असेल तर इतक्या मोठ्याने का, असे विचारले. त्या वेळी त्याचाच हात थरथरत होता, असे तिने पुढे सांगितले. ते कडवे गीतात कायमचे राहिले.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे सुमारे अडीच लाख लोकांचा मेळावा भरला. तेथे जोन बाएझ या तरुण गायिकेने हे गीत म्हटले आणि जनसमुदायाने तिला साथ दिली. १५ मार्च १९६५ रोजी तर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मतदानाच्या हक्काविषयी बोलताना गीताचे हेच शब्द कायदेमंडळापुढे उच्चारले. त्याच वर्षी तो हक्क देणारा कायदा संमत झाला.

पुढे अनेक गायकांनी ते आपापल्या ढंगात ध्वनिमुद्रित केले. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या २००६ सालच्या ध्वनिमुद्रिकेतही ते आहे. आपल्या देशात बंगाली भाषेत हेमांग विश्वास यांनी त्याचे रूपांतर केले, तर हिंदीत कवी गिरिजाकुमार माथुर यांनी. गीताच्या स्वामित्वहक्कासंबंधी चाललेला वाद २०१८ साली मिटला आणि आज ते कोणालाही मुक्तपणे गाता येते.

विद्यार्थ्यांनो, या गीताचे मराठी रूपांतर करताना एक गंमतीचा प्रश्न उभा राहतो. इंग्रजीतील ‘वुई’ किंवा हिंदीतील ‘हम’ यांसाठी आपल्या भाषेत दोन शब्द आहेत : ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तोही आत येतो. संप करणाऱ्या त्या स्त्रियांच्या मुखी कोणता शब्द शोभेल? आणि छाप्याच्या रात्री, थरथरत्या हाताच्या त्या पोलिसासमोर गाणाऱ्या मुलीच्या मुखी कोणता? पुढच्या वेळी हे गीत गाताना शेजाऱ्याचा हात हाती घ्या आणि याचा विचार करा.