कर्णासाठी रडताना…

‘मृत्युंजय’ वाचून डोळे पुसले नाहीत, अशी वाचनवेडी बाई आपल्याकडे शोधावीच लागेल. बारावीच्या निकालाला बक्षीस म्हणून, लग्नात आहेर म्हणून, वाढदिवसाची भेट म्हणून ही कादंबरी घराघरांत पोचली. कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयातली तिची प्रत बघा. पुठ्ठा निखळलेला, कोपरे दुमडलेले, आणि मधूनमधून कुणीतरी पेन्सिलीनं वाक्यांखाली रेघा ओढलेल्या.

शिवाजी सावंत मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याचे. कोल्हापुरात शिक्षक होते. १९६७ मध्ये ‘मृत्युंजय’ आली तेव्हा त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. पुढे तिची हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड, मल्याळम अशा कितीतरी भाषांत भाषांतरं झाली आणि १९९४ साली भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार सावंतांना मिळाला.

आता हे सगळं आजच का आठवलं? तर माझी भाची पुण्याला शिकते. सुट्टीत आली की तासन्‌तास मोबाइलवर हॅरी पॉटरच्या गोष्टी वाचत बसते. पण त्या मूळ लेखिकेच्या नाहीत हं! त्या पुस्तकांवर जीव जडलेल्या वाचकांनीच लिहिलेल्या. मूळ गोष्टीत जे पात्र कोपऱ्यात राहिलं त्याची कहाणी कुणी रंगवून सांगतं, तर कुणी चक्क खलनायकाच्या मनात शिरतं. याला ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. काही तर मूळ पुस्तकापेक्षाही लांबलचक असतात म्हणे. २०१९ साली अशा कथांच्या एका भल्यामोठ्या संग्रहाला विज्ञान आणि अद्‌भुत कथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. भाची म्हणाली, “मावशी, एखादी कथा गाजली की वाचणाऱ्यांत दोन तट पडतात बघ. अर्धे ढसाढसा रडतात आणि अर्धे भांडायला उठतात, की तुम्ही मूळ पात्राची वाट लावलीत!”

मी म्हटलं, “अगं, मग हे तर आमच्याकडे केव्हापासून चालू आहे!”

सावंतांच्या कादंबरीला कुणी फॅन फिक्शन म्हटलं तर साहित्यातली जाणकार मंडळी रागावतील. पण मुळातली ओढ मला एकच वाटते. मोठी गोष्ट ऐकताना मनात एक बोच राहते, ‘याच्यावर अन्याय झाला, याचं कुणी ऐकूनच घेतलं नाही.’ मग कुणीतरी लेखणी हातात घेतं. आपल्या आज्या-पणज्यांनी तर लेखणीही घेतली नाही. जात्यावर बसून त्यांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या रचल्या आणि रामाला जाब विचारला. आपल्या लोकपरंपरेतलं ‘जांभूळ आख्यान’ घ्या. शाहीर विठ्ठल उमपांनी ते गाजवलं. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात येतं, हा सहावा असता तर? आणि झाडावरून तोडलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागावं म्हणून तिला ते सगळ्यांसमोर कबूल करावं लागतं. ही गोष्ट व्यासांची नव्हे, लोकांची आहे.

‘मृत्युंजय’नं नेमकं काय केलं? कर्णाला ‘मी’ म्हणून बोलायला लावलं. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण ही पात्रं आळीपाळीनं आपली बाजू सांगतात. मूळ महाभारतात कर्णाच्या संसाराचा उल्लेख किती, तर अगदी ओझरता. सूतकुळातल्या मुलींशी आपली लग्नं झाली, मुलं-नातवंडं झाली, एवढंच तो कृष्णाला सांगतो. कादंबरीनं त्यातून हाडामांसाची वृषाली उभी केली. गंगेत सोडलेलं बाळ, सारथ्याच्या घरचं बालपण, ‘सूतपुत्र’ म्हणून झालेली हेटाळणी, कवचकुंडलांचं दान… एकामागून एक प्रसंग येतात आणि आपण त्या मुलाचे होऊन जातो. जातीवरून, गरिबीवरून, बापाच्या नावावरून ज्यानं कधी काळी खाली मान घातली आहे, त्याला ही कादंबरी जवळची वाटली नाही तरच नवल.

वाचनालयात आम्हा बायकांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा जमतो. ‘मृत्युंजय’वर बोलायचं ठरलं त्या दिवशी चहा गार झाला तरी कुणी उठेना. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “मी वर्गात हे पुस्तक वाचून दाखवायचे. मागच्या बाकावर गप्प बसणारी पोरं त्या दिवसांत मान वर करून ऐकायची. वडील हमाली करतात, आई धुणीभांडी करते हे सांगायला लाजणारी पोरं ती. कर्णानं त्यांना बळ दिलं.” हे ऐकताना सगळ्यांच्या माना हलल्या.

मग कोपऱ्यातून एक काकू हळूच म्हणाल्या, “ते सगळं खरं गं. पण भर सभेत द्रौपदीला काय काय बोलला तो? तेव्हा नाही तुमच्या डोळ्यांत पाणी येत?”

झालं! गटाचे सरळ दोन भाग पडले.

काकूंचं म्हणणं मूळ ग्रंथाला धरूनच होतं. द्यूतसभेत दुर्योधनाचा भाऊ विकर्ण उभा राहतो आणि म्हणतो, द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही. त्याला गप्प करतो तो कर्ण. पाच नवरे असलेली ही बाई कुलटा आहे असं तो म्हणतो आणि पांडवांची नि हिची वस्त्रं काढून घ्या, असं दुःशासनाला सांगतो. पुढे अभिमन्यू एकटा लढत असताना त्याचं धनुष्य तोडणारा कर्णच. घोषयात्रेत गंधर्वांपुढे टिकाव लागत नाही म्हणून दुर्योधनाला मागे टाकून निघून जाणाराही कर्णच.

“पण स्वयंवरात तिनं त्याचा अपमान केला होता ना?” दुसऱ्या बाजूनं लगेच प्रश्न आला. ‘सूताला मी वरणार नाही’ हा द्रौपदीचा नकार आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. आता गंमत बघा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनं १९१९ पासून जवळजवळ अर्धं शतक खपून, देशभरातल्या हस्तलिखितांची तुलना करून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. ती १९६६ मध्ये पुरी झाली. तिच्या मुख्य संहितेत द्रौपदीचा हा नकार नाही. म्हणजे कर्णाच्या रागाला जे कारण आपण देतो, ते मागाहून कुणीतरी घातलेलं आहे. बाईचा अपमान करणाऱ्याला कारण हवं होतं, ते बाईच्याच पदरात टाकलं गेलं. हे मी सांगितल्यावर क्षणभर कुणी काही बोललं नाही.

जाणकारांतही ही दुफळी आहेच. ज्या १९६७ मध्ये ‘मृत्युंजय’ आली, त्याच वर्षी इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ही आलं. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इरावतीबाई कर्णाकडे सहानुभूतीनं बघतात, पण त्याचा देव करत नाहीत. त्याआधी १९६२ मध्ये दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ आलेलं होतं. रणजित देसाईंनी १९७३ मध्ये ‘राधेय’ लिहून कर्णाला पुन्हा आपल्या मनात बसवलं, तर दाजी पणशीकरांनी ‘कर्ण खरा कोण होता’ हा प्रश्न पुस्तकाच्या नावातच उभा केला. कादंबऱ्यांतला कर्ण आणि व्यासांचा कर्ण वेगळे आहेत, हा त्यांचा आक्षेप. ओडिया लेखिका प्रतिभा राय यांनी ‘याज्ञसेनी’त द्रौपदीलाच बोलतं केलं. त्यांना हाच मूर्तिदेवी पुरस्कार १९९१ साली मिळाला होता. म्हणजे बघा, एकीकडे कर्णाची बाजू आणि दुसरीकडे द्रौपदीची, दोन्ही आपल्या भाषांनी डोक्यावर घेतल्या.

मग बरोबर कोण? मैत्रिणींनो, हा प्रश्न मला केवळ पुस्तकातला वाटत नाही. गेली काही वर्षं मी कौटुंबिक तक्रारी घेऊन येणाऱ्या बायकांशी बोलण्याचं काम करते. दंडावर वळ घेऊन आलेली बाई पहिल्यांदा काय सांगते माहीत आहे? “मनानं फार चांगले आहेत हो ते. लहानपणी फार सोसलंय त्यांनी. सावत्र आईनं जेवायला दिलं नाही, भावांनी जमीन बळकावली, कारखान्यात साहेब वाटेल ते बोलतो…” ती खोटं बोलत नसते. त्याच्यावर अन्याय झालेला असतो. त्याची दुःखं ती त्याच्यापेक्षा चांगली सांगू शकते, कारण ती रोज ऐकते. फक्त स्वतःच्या दंडाबद्दल बोलायची वेळ आली की तिचे शब्द संपतात.

आपल्याला असं रडायला शिकवलेलं आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासाठी रडावं, यात वाईट काहीच नाही. उलट ते माणूसपणाचं लक्षण आहे. पण एकाच्या दुःखात इतकं बुडून जायचं का, की त्याच्या हातून दुसऱ्याला झालेली जखम दिसेनाशीच व्हावी?

व्यासांनी इथं कमाल केली आहे. त्यांचा कर्ण स्वतःच पश्चात्ताप बोलून दाखवतो. युद्धाआधी कृष्णाला तो सांगतो, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कठोर बोललो, त्याचं मला आता वाईट वाटतं. किती मोठं मन! पण नीट ऐका, तो ‘पांडवांना’ म्हणतो. द्रौपदीचं नाव तिथं नाही. तिची माफी राहूनच गेली. पुढे रथाचं चाक रुततं आणि कर्ण अर्जुनाला धर्माची आठवण करून देतो, तेव्हा कृष्ण विचारतो, द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा कुठे होता तुझा धर्म? मूळ ग्रंथ कर्णाचं दुःखही दाखवतो आणि त्याचा हिशेबही मांडतो.

आणि कुंती? तिच्याबद्दल तर आम्ही शेवटी बोललो. कुमारी मातेचं बाळ पाण्यात सोडलं गेलं, त्याला आपण ‘निष्ठुर आई’ म्हणून मोकळे होतो. पण तशा अवस्थेतली पोर कुणाच्या तोंडाकडे बघते, तिच्यापुढे कुठला मार्ग उरतो, हे आजही आपल्या गावांत घडतंच ना? युद्ध संपल्यावर कुंती खरं सांगते, तर युधिष्ठिर काय करतो? तमाम बायकांना शाप देतो, की तुमच्या पोटात गुपित राहणार नाही! मनात दडवून ठेवायला लावायचं आणि पुन्हा शापही तिलाच. हे सांगितल्यावर मात्र दोन्ही तट एकत्र हसले.

उतरत्या उन्हात आम्ही उठलो तेव्हा निवृत्त बाई काकूंना म्हणाल्या, “मी माझ्या पोरांना पुन्हा वाचून दाखवायची वेळ आली, तर ‘मृत्युंजय’च दाखवीन. पण त्यानंतर सभापर्वही दाखवीन.” काकू म्हणाल्या, “मग माझी काही तक्रार नाही.”

मलाही एवढंच म्हणायचं आहे. ‘मृत्युंजय’ वाचा, लेकी-सुनांना द्या, मनसोक्त रडा. मग वाचनालयात जाऊन ‘युगान्त’ही मागून आणा आणि दोन्ही पुस्तकांवर घरात भांडा. नवऱ्याशी, मुलाशी, जावेशी. कर्णासाठी डोळे भरून आलेले असतानाच, त्या सभेत केस धरून ओढत आणलेल्या बाईकडेही एकदा बघा. आपल्या आसवांत तिचाही वाटा आहे.