पांढरं जातंय? दुखणं अंगावर काढू नका

आजचा भाग हेडफोन लावून ऐका, पण ऐकाच.

आपल्या बेलापुरात ‘अंगावरून पांढरं जातंय’ हे बाई फार तर जावेच्या कानात सांगते. उत्तर ठरलेलं: “उष्णता असेल, सब्जा घे.”

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांचा अभ्यास केला. १९८९ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के!

आता नीट समजून घ्या. थोडं पांढरं जाणं नॉर्मल आहे. पण घाण वास, खाज, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणं, लघवीला जळजळ असेल तर दवाखाना गाठा. प्रत्येक इन्फेक्शन संबंधातून येत नाही, त्यामुळे कुणाच्या चारित्र्यावर लगेच बोट ठेवू नका. मात्र संबंधातून आलेलं असेल, तर नवऱ्यानेही औषध घ्यायला हवं. नाहीतर ते परत तिच्याकडेच येतं.

आणि एचआयव्हीचा काय संबंध? सूज किंवा जखम असली की त्या विषाणूला आत शिरणं सोपं जातं. वर्षानुवर्षं लक्षणंही दिसत नाहीत; कळतं ते रक्त तपासूनच. सरकारी आयसीटीसी केंद्रात ही तपासणी मोफत होते, तुमच्या संमतीनेच होते आणि रिपोर्ट गुप्त राहतो. लाज वाटतेय? आधी १०९७ वर फोन करा, तोही मोफत.

हा भाग आई-ताईला, आणि हो, दादालाही पाठवा.