सामन्यांची वाट पाहणारी कप्तान

मंडळी, फुटबॉल म्हटला की डोळ्यांपुढे मुलगेच येतात. गुरुजी, नकाशावर मणिपुरातले इंफाळ शोधा. तिथे १९८० साली ओइनाम बेंबेम देवीचा जन्म झाला. लहानपणी खेळायला सोबती मुलगेच. त्यांनी घ्यावे म्हणून पोरीने ‘बोबो’ असे मुलाचे नाव सांगितले! पंधराव्या वर्षी, १९९५ साली, ती भारताच्या संघात आली.

बेंबेमबाई मधल्या फळीत खेळत. बचावाकडून चेंडू घ्यायचा नि आघाडीला पोचवायचा, हे त्यांचे काम. पण नुसता खेळ येऊन भागत नाही हो, सामने हवेत. देशाच्या महिला संघाला मध्यंतरी इतके दिवस सामनाच मिळाला नाही की २००९ साली जागतिक क्रमवारीतून त्याचे नाव निघाले. नांगरट करून बसावे आणि पाऊसच येऊ नये, तशी गत. बाई मणिपूरकडून खेळत राहिल्या. २०१२ साली श्रीलंकेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण आशियाई अजिंक्यपद जिंकले.

२०१६ साली त्या निवृत्त झाल्या. पुढल्या वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यापूर्वी महिला फुटबॉलपटूला तो मिळाला होता १९८३ साली, शांती मलिक यांना. मध्ये चौतीस वर्षे गेली.