उचलून नेलेली कुत्री परत कुठून येतात?

वसई रोड ते दिवा या रेल्वेमार्गावर कामण रोड नावाचे एक छोटे स्टेशन आहे. गावाच्या एका अंगाला तुंगारेश्वरचा डोंगर आणि त्याचे अभयारण्य. चिंचोटीहून भिवंडीकडे जाणारा रस्ता गावातून जातो आणि त्याच्या कडेने गोदामे, कारखाने, चहाच्या टपऱ्या, कोंबडीची दुकाने अशी रांग लागलेली आहे. दुकानांमागे उकिरडे आहेत आणि उकिरड्यांवर अर्थातच कुत्री आहेत.

तिथल्या एका शाळेत मुलांशी गप्पा मारायला गेलो होतो. सातवीतल्या एका मुलीच्या धाकट्या भावाला शाळेच्या वाटेवर कुत्रे चावले होते. तिने विचारले, "सर, ही सगळी कुत्री गाडीत घालून लांब कुठेतरी का सोडत नाहीत?" वर्गातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या, शिक्षकांनीही डोलावल्या. प्रश्न साधा आहे, रास्त आहे, आणि त्यामागे एका लहान मुलाच्या पायावरची जखम आहे. म्हणून त्याचे उत्तर भावनेच्या भरात न देता हिशेबाने द्यायला हवे. या लेखात आपण तो हिशेब करून पाहू.

जुना उपाय

कुत्री उचलणे किंवा मारणे हा उपाय नवा नाही. मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि त्यावरून १८३२ साली दंगल झाली, त्यात पारशी समाज पुढे होता. म्हणजे या उपायाला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. पुढेही १९९० च्या दशकापर्यंत शहरात दरवर्षी हजारो कुत्री पकडून मारली जात. इतकी वर्षे हा उद्योग चालूनही मुंबईतली कुत्री संपली नाहीत. असे का झाले असावे?

आपण सहसा असे धरून चालतो की शंभरातली पन्नास उचलली की पन्नास उरतील. टोपलीतल्या आंब्यांच्या बाबतीत हे खरे आहे. पण कुत्री म्हणजे टोपलीतले आंबे नव्हेत. ती जन्मतात, मरतात आणि शेजारच्या गल्लीतून येतातही.

एका वस्तीचा हिशेब

समजा, एका वस्तीत १०० कुत्री आहेत, ५० नर आणि ५० माद्या. तिथल्या उकिरड्यावर एवढ्यांचेच पोट भरते. एखाद्या जागेतले अन्न, पाणी आणि आसरा जितक्या प्राण्यांना पुरतो, त्या संख्येला त्या जागेची धारणक्षमता म्हणतात. आपल्या वस्तीची धारणक्षमता १०० आहे. (हे आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत, एखाद्या गावाच्या मोजणीचे नाहीत.)

समजा, दरवर्षी चारातले एक मोठे कुत्रे मरते, म्हणजे एकूण २५. प्रत्येक मादीला वर्षाला ५ पिल्ले होतात, म्हणजे २५० पिल्ले. ही सगळी जगली तर गावात पाय ठेवायला जागा उरणार नाही. पण तसे होत नाही. पश्चिम बंगालमध्ये संशोधकांनी भटक्या कुत्र्यांच्या पिल्लांवर नजर ठेवली, तेव्हा सात महिन्यांची होईपर्यंत पाचातले जेमतेम एक पिल्लू जगल्याचे आढळले. भूक, रोग, गाड्यांची चाके आणि माणसे, सगळी मिळून बाकीच्यांना संपवतात. आपल्या भरलेल्या वस्तीत दहातले एकच पिल्लू मोठे होते असे धरू. म्हणजे २५ मेली, २५ आली. संख्या जागच्या जागी.

आता गाडी आली आणि ५० कुत्री घेऊन गेली. मागे २५ नर आणि २५ माद्या उरल्या, पण उकिरडा तेवढाच आहे. प्रत्येकाच्या वाट्याला दुप्पट अन्न येते. माद्या धडधाकट राहतात, त्यांना दूध भरपूर येते आणि पिल्ले तगतात. दहातल्या एकाऐवजी चारातले एक पिल्लू जगते असे धरा. पिल्ले १२५, त्यातली ३१ मोठी होतात. जुन्यांपैकी १२ मरतात. वर्षअखेर संख्या ६९. दुसऱ्या वर्षी ३४ माद्यांना १७० पिल्ले होतात, ४२ जगतात, १७ मोठी कुत्री मरतात, आणि संख्या ९४ वर पोचते!

दोन वर्षांत वस्ती पुन्हा जवळपास भरली. शिवाय यात बाहेरून येणारी कुत्री धरलेलीच नाहीत. कुत्र्यांच्या टोळ्या आपापला इलाखा राखून असतात आणि परक्या कुत्र्याला आत येऊ देत नाहीत. राखणारेच गेले की शेजारची टोळी मोकळ्या जागेत शिरते. त्या मुलीने सुचवल्याप्रमाणे उचललेली कुत्री दुसऱ्या गावात सोडली, तर तिथे आधीच्या टोळीशी भांडणे होतात आणि चावण्याचा प्रश्न पत्ता बदलून तसाच राहतो.

थोडक्यात, उचलून नेण्याने कुत्री कमी होत नाहीत, उरलेल्यांची पिल्ले जगण्याची शक्यता मात्र वाढते.

अमेरिकेतल्या घोड्यांचा धडा

ही गोष्ट कुत्र्यांपुरतीच खरी आहे असे नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या सरकारी कुरणांवर मोकाट घोडे राहतात. पूर्वी पाळलेल्या आणि मग सुटून रानटी झालेल्या घोड्यांचे हे वंशज. १९७१ साली तिथे कायदा होऊन त्यांना संरक्षण मिळाले. घोड्यांचे कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढू शकतात, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट होतात. मग हेलिकॉप्टरने हाकून, कुंपणात घालून ते हलवायला सुरुवात झाली. २०२४ साली मोकाट घोडे आणि गाढवे मिळून सुमारे ७३ हजार जनावरे कुरणांवर होती. जमिनीला झेपेल म्हणून ठरवलेली संख्या मात्र साडेपंचवीस हजारांच्या आसपास आहे. पकडून आणलेली आणखी साठ हजारांहून अधिक जनावरे सरकारी खर्चाने पोसली जात होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०१३ साली या कार्यक्रमाची तपासणी केली. तिचा निष्कर्ष आपल्या उकिरड्याच्या हिशेबाशी जुळणारा होता. घोडे हलवल्यामुळे उरलेल्यांना चारा मुबलक मिळतो आणि कळपांची वाढ वेगानेच चालू राहते. मृत्यू किंवा हद्दपारी यांपेक्षा जन्म रोखण्यावर भर द्या, असा तिच्या सल्ल्याचा रोख होता.

हे जमते का? पूर्व किनाऱ्यावरच्या असाटीग बेटावर ते जमले आहे. तिथे १९९४ पासून घोड्यांच्या माद्यांना दुरून बंदुकीने सुई मारून एक लस देतात. सस्तन प्राण्यांच्या बीजांडाभोवती एक पातळ वेष्टन असते आणि शुक्राणू आधी त्याला चिकटतो. डुकराच्या बीजांडावरच्या या वेष्टनातली प्रथिने काढून घोडीला टोचली, की तिचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे तिच्या स्वतःच्या बीजांडावरही जाऊन बसतात, शुक्राणूला चिकटायला जागा मिळत नाही आणि गर्भ राहत नाही. एक-दोन वर्षांनी लस पुन्हा द्यावी लागते. पावणेदोनशेच्या घरात गेलेला हा कळप एकही घोडा न मारता सावकाश शंभराच्या खाली आला. सतत वितांच्या फेऱ्यातून सुटलेल्या घोड्या अधिक वर्षे जगल्या, असेही दिसून आले.

मग कुत्र्यांचे काय?

कुत्र्याला हाताने किंवा जाळ्याने पकडता येते. त्यामुळे दरवर्षी लस टोचण्यापेक्षा एकदाच शस्त्रक्रिया करणे सोयीचे पडते. मादीचे बीजांडकोश आणि नराची वृषणे काढतात, रेबीजची लस टोचतात, ओळख पटावी म्हणून कानाला छोटी खाच पाडतात आणि जखम भरल्यावर कुत्रे होते तिथे सोडतात. मुंबईत १९९० च्या दशकात मारण्याऐवजी हा मार्ग धरला गेला. २००१ साली केंद्र सरकारने त्यासाठी नियम केले आणि २०२३ साली त्यांच्या जागी नवे नियम आले.

आपल्या वस्तीत हे करून पाहू. ५० पैकी १५ माद्यांची शस्त्रक्रिया केली. उरलेल्या ३५ माद्यांना १७५ पिल्ले होतात. मरणाऱ्या २५ जणांची जागा भरायला सातातले एक पिल्लू जगले तरी पुरते, आणि तेवढी जगतातच. म्हणजे खर्च झाला, श्रम झाले, पण संख्या तसूभर हलली नाही.

आता ३५ माद्यांची, म्हणजे ७० टक्के माद्यांची शस्त्रक्रिया करा. १५ माद्यांना ७५ पिल्ले होतील. चारातले एक जगले तरी १९ च. मेली २५, आली १९. संख्या ९४ झाली. घट फक्त सहाची आहे, पण आता ती भरून काढणारे कोणी नाही. शस्त्रक्रिया झालेली कुत्री आपला इलाखा राखत असल्याने बाहेरचीही सहजी शिरत नाहीत.

या हिशेबातून तीन गोष्टी निघतात. पहिली, अर्धवट काम म्हणजे न केलेले काम. दुसरी, नरांपेक्षा माद्या महत्त्वाच्या, कारण एक नर शिल्लक असला तरी अनेक माद्यांना पिल्ले होऊ शकतात. तिसरी, काम दरवर्षी चालू ठेवावे लागते, कारण नव्याने वाढलेल्या १९ कुत्र्यांत नऊ-दहा माद्या असणारच.

जयपूरमध्ये १९९४ च्या सुमारास सुरू झालेल्या कार्यक्रमात सुमारे ६५ टक्के माद्यांपर्यंत मजल गेली, तेव्हा आठ वर्षांत त्या भागातली कुत्री २८ टक्क्यांनी घटली. मुंबईत २०१४ च्या गणनेत सुमारे ९५ हजार कुत्री होती, तर २०२४ मध्ये सुमारे ९० हजार. शहर वाढत असताना झालेली ही घट लहान असली तरी दिशा योग्य आहे. मात्र ज्याच्या मुलाला आज कुत्रे चावले, त्याला ही गती पुरेशी वाटणार नाही, हेही मान्य केले पाहिजे.

चावा आणि रेबीज

म्हणूनच संख्या आणि रोग या दोन प्रश्नांची गल्लत करू नये. संख्या कमी व्हायला वर्षे लागतात, रेबीज मात्र लसीने लवकर आटोक्यात येतो. गोव्याने हे दाखवून दिले. तिथे २०१० च्या दशकात घरोघरी, गल्लोगल्ली फिरून सुमारे ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस टोचण्याची मोहीम झाली. कुत्र्यांमधला रेबीज नव्वद टक्क्यांहून अधिक घटला, २०१७ नंतर सलग काही वर्षे माणसाचा एकही रेबीज-मृत्यू नोंदला गेला नाही, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला.

वर्गात एवढे मात्र प्रत्येक मुलाला पाठ असावे. कुत्रे चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये, घरी लपवू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लसीचा पूर्ण क्रम घ्यावा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचत नाही असेच समजावे. त्याआधी मात्र तो हमखास टाळता येतो.

पुन्हा उकिरड्याकडे

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये, शस्त्रक्रिया आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेचे आवार बंदिस्त हवे, यात दुमत नाही. पण आवाराबाहेर खिचडीचे खरकटे पडत राहिले, तर मोकळी झालेली जागा फार काळ मोकळी राहणार नाही, हेही आपला हिशेब सांगतो.

कामणसारख्या जंगलाच्या कडेच्या गावात तर हा उकिरडा आणखी एकाला बोलावतो. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. हे बिबटे वर्षाला सुमारे १५०० कुत्री खात असावेत, असा अंदाज २०१८ साली संशोधकांनी मांडला. कचऱ्यामागे कुत्री आणि कुत्र्यांमागे बिबट्या घराच्या पायरीपर्यंत येतो. म्हणजे कचरा वेळेवर उचलला, तर धारणक्षमताच १०० वरून ६० वर येते. शस्त्रक्रियेने जन्म कमी होतात आणि स्वच्छतेने जागा कमी होते. दोन्ही एकत्र केले तरच फळ टिकते.

त्या मुलीला मी लगेच उत्तर दिले नाही. आम्ही फळ्यावर १०० कुत्री काढली आणि वर्ष वर्ष करत पुसत-वाढवत गेलो. दुसऱ्या वर्षअखेरीस ९४ आकडा आला तेव्हा वर्ग गप्प झाला. आपल्याही वर्गात चिंचोके घेऊन हा खेळ करता येईल. मग मुलांना शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेवरची कुत्री लांबूनच मोजायला सांगा. किती जणांच्या कानाला खाच आहे? कुत्री कोणत्या ढिगाऱ्याजवळ जास्त आहेत? तो ढिगारा कोणाचा? यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आपल्याच घराकडे किंवा शाळेकडे बोट दाखवील.